ज्वारीच्या दाण्याएवढे

माझ्या पुतण्याच्या घरी मोटारीला स्वतंत्र खोली आहे आणि माझ्या थोरल्या भावाला नाही. तो दिवाणखान्यात झोपतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. वर झोपण्याची खोली होती, पण जिन्याला कोण विचारतो म्हणून दादाने स्वतःच सोफा पसंत केला. तरी पहिल्या रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा इकडे भाऊ पाय पोटाशी घेऊन झोपलेला आणि भिंतीपलीकडे ती गाडी ऐसपैस पसरलेली, हे चित्र मनात बसले ते बसलेच.

२०२४ च्या जूनअखेर सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन भरले होते. त्या निमित्ताने मी कॅलिफोर्नियात गेलो आणि पुढे महिनाभर फ्रीमाँटला पुतण्याकडे राहिलो. दादा आणि वहिनी माझ्याआधीच तेथे पोचली होती. घरात पाऊल टाकले आणि तासाभरात मला कळले की बापलेकांत बोलणे नाही. ताटे एकत्र वाढली जात, पण मीठ मागायचे ते वहिनींच्या मार्फत. कारण ती गाडी.

गाडी १९७१ ची शेव्हर्ले कॅमॅरो. लांब नाक, आखूड पाठ, बसकी चाल. अशा गाड्या लोक रविवारी पुसायला ठेवतात; आमचा पुतण्या तीच रोज कचेरीला नेतो. सकाळी वीस मैल, संध्याकाळी वीस मैल, आणि त्यांतले निम्मे अंतर मुंगीच्या गतीने. आता तिचे इंजिन थकले होते. सकाळी सुरू करताना निळा धूर निघे, तेल कमी होई. उघडणे भाग होते. आणि एकदा उघडायचेच तर नुसते दुरुस्त कशाला, मोठे करून बांधू, असे त्याच्या मनाने घेतले. आपल्याकडे कौले बदलायला काढलेल्या घरावर मजला कसा चढतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

इंजिन मोठे करण्याचे दोन रस्ते. एक म्हणजे सिलिंडर रुंद करायचा. पण त्याच्या भिंती जितक्या जाड तितकेच ते करता येते. दुसरा म्हणजे पिस्टनची वरखाली धाव वाढवायची. ही धाव क्रँकच्या फेकीवर अवलंबून असते, म्हणून अधिक फेकीचा क्रँक घालायचा. अशा इंजिनाला तिकडे ‘स्ट्रोकर’ म्हणतात. भगिनीवर्गाला हे एका क्षणात कळेल. जात्याचा खुंटा तोंडाजवळ ठोकला तर दळणारीचे खांदे भरून येतात. कडेला ठोकला तर जाते हलके फिरते, पण हाताला फेरा मोठा घ्यावा लागतो. क्रँकचे तेच आहे. बळ वाढते, आणि पिस्टनला तेवढ्याच वेळात जास्त रस्ता कापावा लागतो.

पुतण्याच्या गाडीचे इंजिन ३५० घन इंचांचे. शेव्हर्लेने १९५५ साली आठ सिलिंडरांचे एक आटोपशीर इंजिन काढले, ते त्या वेळी २६५ घन इंचांचे होते. ३५० हा त्याच घराण्यातला १९६७ चा वंशज. पुढे १९७० मध्ये ४०० घन इंचांचा भाऊ आला. या दोघांची हाडेपेरे इतकी सारखी की हौशी मिस्त्र्यांनी थोरल्याचा क्रँक काढून धाकट्याच्या पोटात बसवला. फक्त त्याच्या मुख्य बैठकी २.६५ इंचांच्या होत्या, त्या तासून २.४५ कराव्या लागत. सिलिंडर तीस हजारांश इंच रुंद केला, स्ट्रोक ३.४८ चा ३.७५ झाला, की हिशेब भरतो ३८३ घन इंच. म्हणून त्या इंजिनाचे नावच ‘थ्री-एटी-थ्री’. आता तासातासीही करावी लागत नाही. तयार क्रँक मिळतात.

हा फरक किती? मी वहीत आकडेमोड करून पाहिली. पिस्टनची धाव सात मिलिमीटरांनी वाढते; क्रँकची फेक त्याच्या निम्म्याने, म्हणजे साडेतीन मिलिमीटरांनी. ज्वारीचा एक दाणा! आणि या दाण्यापायी एका घरात दीड महिना अबोला.

मिस्त्र्याने तीन अंदाजपत्रके दिली होती. पहिले, आहे तेच ३५० नीट बांधून देण्याचे. दुसरे ३८३ चे. तिसरेही ३८३ चेच, पण सगळे तिखट: दाब चढा, कॅमशाफ्ट शर्यतीचा, सहा हजार फेऱ्यांच्या वर खरा जोर. पुतण्याचे मन अर्थात तिसऱ्यावर. त्याचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट होता, आणि तो आकडा टेबलावर पडलेला दादाने पाहिला होता. आमचा दादा डॉलरचे रुपये करीत नाही, गुंठे करतो. पोराला शिकायला पाठवताना २०११ मध्ये पंचगंगेकाठचे दीड एकर गेले होते. “ह्यात अर्धा मळा येतो,” एवढेच तो मला म्हणाला.

पुतण्या एके दिवशी म्हणाला, “काका, तुम्ही लेखक आहात. आप्पांना समजावून सांगा.” लेखकाला काय समजावता येते! पण शनिवारी मिस्त्र्याकडे जायचे होते, तेव्हा मी दादाला म्हटले, “चल, बघून तर येऊ.” तो निमूटपणे चपला घालून निघाला. मला वाटते त्याला इंजिनाचा वास हवा होता.

येथे सांगितले पाहिजे की दादाने सव्वीस वर्षे पिठाची गिरणी चालवली. गावात विजेचा भरवसा नसे, म्हणून गिरणी डिझेलच्या इंजिनावर. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना दोन चाके, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्या. त्याच्या ठोक्यावर आमच्या आळीची झोप लागे आणि उडे.

मिस्त्री साठीपुढचा होता. हातांवर काळ्या रेघा, कानाला पेन्सिल. त्याने दोन क्रँक बाकावर शेजारी शेजारी ठेवले. दादाने विचारले नाही. सरळ पुढे होऊन दोन्हींवरून अंगठा फिरवला, आधी ह्याच्यावरून मग त्याच्यावरून. मग म्हणाला, “फेक वाढली. दांडा किती लांब?”

दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. पुतण्याने दीड महिन्यांत प्रथमच बापाचे वाक्य ऐकून घेतले आणि इंग्रजीत सांगितले. मिस्त्री म्हणाला, मूळचा ५.७ इंची.

“तोच ठेवणार? मग दांडा जास्त तिरपा होईल. दट्ट्या भिंतीला रेटणार. लायनर एका अंगाला खातो.”

हे भाषांतर झाल्यावर मिस्त्र्याने कानाची पेन्सिल काढली आणि दादाकडे नीट पाहिले. नंतरचा तासभर पुतण्या फक्त दुभाष्या होता. सहा इंची दांडा मिळतो, त्याला पिस्टन आखूड आणि हलका लागतो. फेक वाढल्यामुळे दांड्याचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला घासू नयेत म्हणून तेथे खाचा पाडाव्या लागतात. कॅमशाफ्टपासूनही अंतर तपासावे लागते. धाव वाढली की तेवढ्याच पोकळीत जास्त हवा दाबली जाते, दाब आपोआप चढतो. आणि कॅलिफोर्नियातल्या पंपावर ९१ च्या वरचे ऑक्टेन सहसा मिळत नाही. दाब फार चढवला तर इंजिन ठोकू लागणार. म्हणून पिस्टनच्या माथ्याला थोडी वाटी ठेवून दाब साडेनऊला एकाच्या आसपास राखायचा. शर्यतीच्या कॅमशाफ्टने व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडे राहतात, तेव्हा जागच्या जागी गाडी अडखळत चालते आणि ओढ इतकी पडते की ब्रेकला मदत करणारे यंत्रही नीट काम करीत नाही. हे शेवटचे ऐकून दादाने लेकाकडे पाहिले. काही बोलला नाही. पण सूनबाईला सातवा महिना होता हे आम्हां तिघांना ठाऊक होते.

मग त्याने विचारले, “ह्या गाडीचं रोजचं काम काय?”

पुतण्याने सांगितले. वीस मैल, वीस मैल, मुंगीची रांग.

“मग सहा हजार फेऱ्या कुणासाठी?”

पुतण्या लाल झाला. वयाने छत्तीस, पण बापापुढे सोळा. मिस्त्र्याला प्रश्न कळवायची गरज पडली नाही. त्याने हसून भिंतीकडे बोट दाखवले. तेथे खिळ्याला एक मोडका कनेक्टिंग रॉड टांगला होता, मधोमध तुटून पिळवटलेला. फेऱ्या दुप्पट केल्या की दांड्यावरची ओढ चौपट होते, एवढेच तो म्हणाला.

दादा त्या रॉडकडे बराच वेळ बघत राहिला. माझे लक्ष त्याच्याकडे, कारण असा एक रॉड मीही पाहिला होता. १९९५ ची दिवाळी. भाजणीची रांग गिरणीबाहेर चिंचेपर्यंत गेलेली. त्या संध्याकाळी आमच्या इंजिनाचा दांडा तुटला आणि बाजूचे झाकण फोडून बाहेर आला. नशिबाने कोणाला लागले नाही. कर्ज काढून इंजिन उभे करावे लागले. मी त्या वर्षी मॅट्रिक होऊन कोल्हापूरला कॉलेजात जाऊ लागलो होतो, ते जाणे तेथे संपले. माल खोटा निघाला, असे दादाने गावाला सांगितले. एकोणतीस वर्षे गावही तेच सांगत आले.

“दांडा खोटा नव्हता,” दादा मराठीत म्हणाला, कोणाकडेही न बघता. “रांग उरकेना म्हणून गव्हर्नर मी तारेनं आवळला होता. ह्याचं कॉलेज मी मोडलं.”

पुतण्याने भाषांतर केले नाही. मिस्त्री बोल्ट मोजू लागला.

मी काय बोलावे? मला ते माहीत होते. मलाच नऊच्या खेळाला इचलकरंजीला जायचे होते. “दादा, उरक की,” म्हणून मीच तगादा लावला होता, आणि ती तार आमच्या कुंपणाची, मीच सोडवून आणून दिली होती. हे मी इतक्या वर्षांत दहा कादंबऱ्यांतल्या एकाही पात्राच्या तोंडी घातले नाही. तेथे, त्या तेलकट बाकाशी, मी ते सांगितले. दादाने मान वळवली. “तार तू दिलीस ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला, “पण आवळली मी.” आणि मग मिस्त्र्याकडे वळून, “दांड्याचे बोल्ट चांगल्यातले घाल म्हणावं. तिथं पैसे वाचवू नका.”

ठरले ते दुसरे अंदाजपत्रक, दादाच्या दुरुस्त्यांसह: ३८३, दांडा सहा इंची, कॅमशाफ्ट सौम्य, जोर खालच्या फेऱ्यांत, वर मोठा रेडिएटर. तिखटावरचे वाचलेले पैसे क्रँक घडवलेल्या पोलादाचा घेण्यात आणि सगळे तोलून घेण्यात गेले. पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त पिणार, हे कोणी लपवले नाही. परत येताना पुढच्या बाकावर दादा बसला. मीठ त्या रात्री थेट मागितले गेले.

मी ऑगस्टात परतलो. ऑक्टोबरात एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच झाले होते. “ऐक,” दादा ओरडला, आणि त्याने फोन कुठेतरी ठेवला. मग एकदम प्रचंड गर्जना. नव्या कॅमशाफ्टची घासणारी तोंडे एकमेकांत बसावीत म्हणून अशा इंजिनाला पहिल्या सुरुवातीलाच वीस मिनिटे दोन हजार फेऱ्यांवर पळवावे लागते; जागेवर हळू चालू द्यायचे नाही. दादाला हे अजिबात पटले नव्हते. जन्मल्या जन्मल्या पोराला कोणी पळवतो का, असे त्याने आधी दोनदा विचारले होते. म्हणून तो घड्याळ धरून उभा होता आणि मधून मधून मिनिटे पुकारीत होता. सात. अकरा. सोळा. मी अंथरुणात बसून ऐकत होतो.

वीस झाली. आवाज उतरला, खाली आला, आणि एका संथ, जड ठोक्यावर येऊन स्थिर झाला.

सौभाग्यवतींनी चादर बाजूला केली आणि झोपेतच विचारले, “एवढ्या पहाटे गिरणी कुणी चालू केली?”