बागायती मुलखातले रिव्हॉल्व्हर

नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या शिवारांना लाभले तेथे ऊस आला, उसाच्या पाठोपाठ माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, कारखान्यांच्या पाठोपाठ बँका, पेढ्या, आडती, पेट्रोल पंप आणि वाहतुकीचे ठेके आले, आणि या सर्वांच्या मागून, फारसा गाजावाजा न होता, बारामती व इंदापूर तालुक्यांतील सधन घरांच्या कपाटांत बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर येऊन बसले. ज्याचे राहते घर गावठाणात नसून उसाच्या मधोमध वस्तीवर आहे, ज्याच्या बांधापासून डांबरी सडक अर्धा कोस दूर आहे, आणि गाळप हंगामाच्या तोंडावर ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना द्यावयाची उचल ज्याला रोखीने, बहुधा अंधार पडल्यावर, न्यावी लागते, त्याला स्वसंरक्षणाचे साधन जवळ असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. शहरात बंद सदनिकेत राहणाऱ्याने त्या भावनेची थट्टा करणे न्याय्य नव्हे.

माझी उमेदीची सारी वर्षे पोलीस खात्याच्या शस्त्रागारात शस्त्रे उघडण्यात, पुसण्यात आणि पुन्हा जुळवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर परवानाधारकांना हाताळणीचे धडे देणे हाच माझा व्यवसाय झाला. या दीर्घ सहवासातून माझ्या मनात एक मत पक्के झाले आहे: लहान रिव्हॉल्व्हर हे बाळगावयास सर्वांत सोपे आणि चालवावयास सर्वांत कठीण असे शस्त्र आहे, आणि म्हणून ज्याला सराव करण्याची इच्छा अथवा सवड नाही त्याने ते घेऊ नये.

प्रथम कायद्याकडे वळू. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने परकीय सरकारने या देशातील रयतेच्या हातची शस्त्रे परवान्याच्या कुलुपात घातली, आणि हे शल्य आपल्या पुढाऱ्यांना इतके जाचत होते की 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद केला. स्वतंत्र भारताने 1959 साली नवा शस्त्र अधिनियम केला, तो 1962 च्या ऑक्टोबरात अमलात आला, आणि त्यात परवाना कायम राहिला. मात्र अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम 14 मध्ये स्पष्ट लिहिले गेले. या कलमाचे स्मरण आपल्याकडे विशेष ठेवले पाहिजे, कारण रिव्हॉल्व्हर म्हणजे शंभर एकरांच्या धन्याचे भूषण अशी जी समजूत गावोगाव रुजली आहे तिला कायद्यात कोणताही आधार नाही.

आपल्या तालुक्यांतील अर्जदाराचा अर्ज पुण्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तेथून चौकशीसाठी ग्रामीण पोलीस दलाकडे व मग ज्या त्या ठाण्याकडे येतो. ठाण्याचा अंमलदार अर्जदाराचे पूर्वचरित्र, भाऊबंदकीतील तंटे, दाखल गुन्हे आणि शस्त्र मागण्याचे कारण यांचा तपास करून अहवाल धाडतो. अर्जदाराचे वय 21 वर्षे पूर्ण असावे लागते, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला लागतो, आणि 2016 च्या नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही आवश्यक ठरवला आहे. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आणि एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. अर्ज नामंजूर झाल्यास विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. ही सारी पायरीपायरीची वाट अनेकांना कंटाळवाणी वाटते. मला ती आवश्यक वाटते, कारण तिच्यावरून चालताना माणसाला आपली गरज स्वतःशीच पुन्हा पुन्हा तपासून पाहावी लागते.

आता शस्त्राविषयी. सैन्याच्या व पोलिसांच्या वापरातील अडतीस बोअर, नऊ मिलिमीटर इत्यादी प्रकार आपल्या देशात सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे त्याच्या वाट्याला मुख्यत्वे बत्तीस बोअर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर जुन्या इंग्रजी वेब्ली बनावटीवर आधारलेले आहे: सहा काडतुसांचे फिरते चक्र, सुमारे तीन इंचांची नळी, आणि मधोमध मोडून उघडण्याची रचना, जीमुळे नळी खाली झुकताच चक्राच्या मध्यातील तारा वर येऊन सहाही पुंगळ्या एकदम बाहेर ढकलतो. 2014 साली त्याच कानपुरातून ‘निर्भीक’ हे टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल या हेतूने बाजारात आले, आणि 2023 साली ‘प्रबळ’ हे चक्र बाजूला झुलवून उघडता येणारे रिव्हॉल्व्हर आले.

माझ्याकडे येणारा नवा परवानाधारक बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो की, “काका, लहानात लहान कोणतं मिळेल?” आणि माझे उत्तर ठरलेले असते: “लहान घ्या, पण सराव मोठा करावा लागेल.” याचे कारण यंत्रातच आहे. नेम धरताना नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच एका रेषेत आणावयाची असतात. या दोहोंतील अंतर 125 मिलिमीटर धरले, तर माशी एका मिलिमीटरने ढळताच 10 मीटरवर गोळी 8 सेंटिमीटर ढळते, आणि घाबरलेल्या हाताची माशी एका मिलिमीटरवर थांबत नाही. शिवाय घोडा आधी न चढवता सरळ चाप ओढला, म्हणजे त्या एकाच ओढीने चक्रही फिरवावयाचे असते आणि घोडाही मागे न्यावयाचा असतो. ही ओढ लांब व जड असल्याने नवशिक्याच्या बोटाबरोबर संपूर्ण मनगट खाली झुकते आणि गोळी पायाशी मातीत जाते. वजन जितके हलके तितका धक्का हाताला अधिक जाणवतो, आणि एकदा धक्क्याचे भय बसले की पुढच्या बाराच्या आधीच डोळा मिटतो. रायफल ज्याने चार दिवसांत शिकली असा माणूस रिव्हॉल्व्हरपाशी महिनोन्महिने अडखळतो, तो यामुळे.

हे शस्त्र घरोघरी कोणत्या अवस्थेत नांदते याचा प्रत्यय निवडणुकीच्या दिवसांत येतो. आचारसंहिता लागू झाली की छाननी समितीने ठरवलेल्या परवानाधारकांना आपले शस्त्र ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते, आणि क्रमांक पडताळून नोंद करताना प्रत्येक शस्त्र उघडून पाहावे लागते. त्या टेबलावर मी जे पाहत आलो ते प्रत्येक परवानाधारकाने पाहावे असे आहे. चक्राच्या खणांत खिशातले सुताचे तंतू आणि तंबाखूची पूड. नळीत वर्षानुवर्षे फडका न गेल्याने आलेली तांबेरी. कातडी म्यानात अखंड पडून राहिल्यामुळे काडतुसांच्या पितळेवर चढलेला हिरवा कळंक, जो इतका दाट की काडतूस खणातून नखाने सुटू नये. आणि खंडेनवमीला अथवा दसऱ्याला श्रद्धेने वाहिलेले हळदकुंकू व फुलांचे पाणी घोड्याच्या खाचेत जाऊन वाळलेले, त्यामुळे चाप अर्ध्यावर अडणारा. शस्त्रपूजनाची आपली परंपरा मला अत्यंत प्रिय आहे, कारण शस्त्राविषयी आदर बाळगावा ही शिकवण तिच्यात आहे. परंतु त्या सायंकाळी शस्त्र रिकामे करून, कोरडे पुसून, तेलाचा पुसट हात देऊन जागेवर ठेवणे हा पूजेचाच उत्तरार्ध समजला पाहिजे. ज्या शस्त्रावर जिवाचा भरवसा ठेवावयाचा ते असे कळंकलेले असेल, तर त्याच्या धन्याने निर्धास्त झोप कशाच्या आधारे घ्यावी?

शस्त्र अंगावर बाळगण्याची रीतही समजून घेतली पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी ते म्यानात, झाकलेले असावे, ते परजून दाखवणे हा नियमभंग आहे, आणि चापावर आवरण नसलेले रिव्हॉल्व्हर पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकणे हा उघड धोका आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार येथे ते नेऊ नये, अशी अट परवान्यातच असते. आपल्या भागात या अटीला विशेष अर्थ आहे. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते, आणि त्या काळात पंगतीत वाढणारा, वाटेवर पाणी देणारा बागायतदार त्या जनसागरात वावरत असतो. त्या दिवसांत रिव्हॉल्व्हर घरी, कुलपात, काडतुसांपासून वेगळे असले पाहिजे. परवान्यावर लिहिलेले क्षेत्रही वाचून ठेवावे, कारण ज्याच्या परवान्याचा अंमल पुणे जिल्ह्यापुरताच आहे त्याने नीरा ओलांडून फलटणच्या किंवा माळशिरसच्या बाजूला शस्त्रासह जाणे हा अपराध होतो. आणि मद्य व शस्त्र यांची गाठ कधीही पडू देऊ नये. जेवणावळीत पेला हाती घेण्याचा संभव असेल, तर शस्त्र घराबाहेर काढूच नये.

यापुढचा विषय सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याविषयीचे अज्ञान सर्वांत मोठे. खाजगी संरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम 96 ते 106 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, आणि त्याचे मर्म तेच आहे: सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्क नाही, आणि बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचाही हक्क नाही. मृत्यूचे अथवा जबर दुखापतीचे वाजवी भय, बलात्कार, अपहरण, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग अशा प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत पोचतो. परंतु विहिरीवरची मोटर, केबल किंवा डीपीतील तांबे रात्री कोणी चोरून नेत असेल, तर त्याचा मनस्ताप कितीही असो, पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याचा अधिकार कायद्याने कोणालाही दिलेला नाही. मालाची भरपाई होते; खुनाच्या अथवा सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात उभे राहिलेल्या कुटुंबाची भरपाई कोणी करीत नाही. शिवाय सुमारे सहा ग्रॅमची ती शिशाची गोळी चुकली तर उसात विरून जात नाही. गोठ्याचा पत्रा भेदून पलीकडे निजलेल्या ऊसतोड कामगाराच्या पालापर्यंत ती जाऊ शकते.

शेतीपंपाला रात्रपाळीची वीज मिळते तेव्हा बिबट्याच्या भयाने रिव्हॉल्व्हर घेऊन पाणी द्यायला जाणारेही मला भेटतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने खऱ्या प्राणरक्षणासाठी केलेली कृती अपराध मानलेली नाही, हे खरे. पण बत्तीस बोअरची गोळी त्या जनावराला बहुधा जखमीच करील, आणि जखमी बिबट्या मूळच्या बिबट्याहून कितीतरी भयंकर. तेथे सोबती, प्रखर विजेरी आणि मोठ्याने बोलत चालणे हेच खरे संरक्षण.

लग्नाच्या वरातीत किंवा निवडणुकीच्या गुलालात हवेत बार काढण्याच्या प्रथेविषयी मला एवढेच म्हणावयाचे आहे की वर गेलेली गोळी खाली येते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि परवान्याची वाट लांब म्हणून गावठी कट्टा मिळवणारा तरुण स्वतःच्या हातात स्वतःचाच घात घेऊन फिरतो: त्या नळीला पोलादाची कसोटी नाही, बंदिस्तीला माप नाही, आणि तो जवळ सापडणे हाच गंभीर गुन्हा आहे.

तेव्हा वस्तीवरच्या माझ्या बांधवांना माझी विनंती अशी आहे. आधी अंगणात दिवा, दाराला भक्कम कडी, दावणीला जागते कुत्रे, शेजारच्या वस्तीशी सलोखा, ग्रामसुरक्षा यंत्रणेत नाव आणि घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी 112 हा क्रमांक, एवढे करा; उचलीची रोकड बँकेच्या खात्यातून द्या, म्हणजे अंधारात न्यावयाचे ओझेच उरणार नाही. एवढे करूनही भय खरे असेल तर परवाना अवश्य मागा, आणि मिळाला तर तो पेलण्याची तयारी ठेवा: मान्यताप्राप्त चांदमारीवर नियमाने सराव करा, जुनी काडतुसे सरावात संपवून नवी ठेवा, महिन्यातून एकदा शस्त्र उघडून पुसा, ते नेहमी भरलेलेच आहे असे समजून हाताळा, नेम ठरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, आणि घरातल्या मुलाच्या हाती ते कधीही लागणार नाही अशी कुलपाची व्यवस्था करा. हे करणे ज्यांना जमणार नाही त्यांनी येत्या नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र रीतसर विक्रेत्याकडे अथवा ठाण्यात जमा करून परवाना रद्द करून घ्यावा. त्यात कोणतीही मानहानी नाही, आणि त्यांचे घर आजच्याहून अधिक सुरक्षित होईल.