शेंडीच्या पावसात फ्रिजची दुरुस्ती

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले आणि पुढच्याच शनिवारी आम्ही भंडारदऱ्याला निघालो. भाचा एका कॅरॅव्हॅनवर, म्हणजे आत बिछाना, चूल, फ्रिज असलेल्या गाडीवर, ड्रायव्हर आहे. मालकाने दोन दिवस गाडी दिली. डिझेल आमचे, आणि बंद पडलेला फ्रिज मी दुरुस्त करून द्यायचा! नवा हीटर त्यांनीच डब्यात घालून दिला होता.

अक्काला चिंता तिच्या इन्सुलिनची. नव्या बाटल्या दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात, गोठून चालत नाहीत. म्हणून टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवल्या. घोटीपर्यंतच निम्मा बर्फ विरघळला.

शेंडीला पोचलो तर पावसात धरणाची भिंतही दिसेना. मुक्कामाच्या घरमालकांनी ओट्यावरचा प्लग दिला. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. हीटर अमोनियाचे पाणी तापवतो, त्यातून निघालेली वाफ थंड होऊन द्रव होते, आणि तो द्रव आत पुन्हा उडताना उष्णता ओढून घेतो. आगीने गारवा! १९२२ साली स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली.

बॅटरी, प्लग, गॅस, सारे बंद करून गाडीच्या बाहेरची जाळी काढली. तिच्यातूनच पाणी शिरले होते. अमोनियाचा वास किंवा नळीवर पिवळा थर असता तर मी हातच लावला नसता. काचेची लोकर बाजूला करताच गंजलेला हीटर दिसला. मीटर लावला, तार आतून तुटलेली. नळीत तो घट्ट रुतला होता. भाचा म्हणाला, "मामा, ड्रिलने काढू?" मी दटावले. शेजारच्या नळीत दाबाखालचा वायू आहे, तिला भोक पडले की फ्रिज गेला आणि आपलेही डोळे गेले. गंज सोडवणारे तेल सोडून अर्धा तास थांबलो, मग पक्कडीने डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत काढला. नवा एकशेपंचवीस वॅटचा. नववीतल्या नातीने दोनशेतीसचा वर्ग करून एकशेपंचवीसने भागले, चारशेतेवीस ओहम. मीटरवर चारशेवीसच्या आसपासच आकडा आला. पोरीचा चेहरा बघण्यासारखा!

तितक्याच खोलीवर हीटर बसवून लोकर परत गुंडाळली. तरी तासाभरात गारवा येईना. मग लक्षात आले, गाडी उतारावर उभी होती. यातला द्रव उताराने वाहतो, गाडी सपाट हवी. चाकाखाली फळ्या घातल्या.

फ्रिजला गार व्हायला बरेच तास लागतात, म्हणून आम्ही धरणावर गेलो. प्रवरेवरच्या या धरणाचे उद्घाटन डिसेंबर १९२६ मध्ये झाले. चौथ्याच महिन्यात, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी उभे होते. नातीने तारखा दोनदा विचारून घेतल्या. पुढे मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे त्यांच्याच खात्यात होते, तेही तिला सांगितले.

रात्री अक्काने फ्रिज उघडला, थर्मामीटर पाहिला. सहा अंश. तिने टॉवेल सोडून बाटल्या आत ठेवल्या आणि उरलेला बर्फ अंगणात ओतून दिला.