सॅक भरण्याची रीत

रतनगड पाहून कात्राबाई खिंडीतून कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगडावर जाण्याच्या दोन-तीन दिवसांच्या वाटेवर सामान किती घेतले, यापेक्षाही ते कुठे ठेवले याला महत्त्व येते. सॅक भरताना दिवस उलटा मोजावा. रात्री लागणारी स्लीपिंग बॅग आणि झोपतानाचे कोरडे कपडे तळाशी जातात. शिधा, भांडी, पाणी असे जड सामान त्यावर, पण पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये बसवतात. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक मागे ओढते आणि कंबरपट्टा कितीही आवळला तरी भार खांद्यांवरच येतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेल्या बाटल्या एकाच बाजूच्या खिशात ठेवल्या तर अरुंद आडव्या वाटेवर तोल दरीकडे जाऊ शकतो.

कॅरीमॅट सॅकला आडवी बांधायची सवय मात्र सोडलीच पाहिजे. कारवीच्या रानात ती दर पावलाला अडकते, कड्यालगत कातळाला घासून माणसाला बाहेर ढकलते. ती उभी बांधावी किंवा आत गुंडाळून घालावी. रतनवाडीकडून रतनगड चढताना लोखंडी शिड्या लागतात. तिथे बाहेर लोंबणारा मग किंवा चप्पलही नको.

पावसाळ्यात केवळ रेनकव्हरवर विसंबता येत नाही, कारण पाठीवरून ओघळणारे पाणी पट्ट्यांच्या बाजूने आत झिरपते. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सारे सामान तिच्यात भरावे आणि तोंड पिळून दुमडावे. आतल्या लहान पिशव्या वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात. औषधांची तेवढी पारदर्शक.

वरच्या झाकणाच्या कप्प्यात हेडटॉर्च, औषधे आणि काडेपेटी असावी. विंडचीटर त्याच्या लगेच खाली. या जागा ट्रेकभर बदलायच्या नाहीत. रतनगडावरच्या रत्नाई देवीच्या गुहेत अंधार पडल्यावर टॉर्च शोधायला टॉर्च लागू नये, हात आपोआप तिथे गेला पाहिजे. सेलवर चालणाऱ्या टॉर्चमधला एक सेल दिवसा उलटा घालून ठेवला, तर सॅकमध्ये बटण दाबले जाऊन ती जळत राहत नाही.

शिध्याची बांधणी घरीच करण्यात खरी हुशारी आहे. एका जेवणाची एक पिशवी: खिचडीसाठी मोजलेले तांदूळ, डाळ, मीठ, मसाला एकत्र. मग दमलेल्या माणसांना चुलीपाशी साऱ्या पुड्या उलगडाव्या लागत नाहीत, आणि उद्याचे जेवण आज संपत नाही. एका दिवसाचा सगळा शिधा एकाच सॅकमध्ये मात्र नसावा. ती सॅक मागे राहिली तर सगळेच उपाशी राहतात. काडेपेटी दोघांकडे हवी. औषधांची मुख्य पिशवी शेवटी चालणाऱ्या अनुभवी माणसाकडे असावी, कारण पाय मुरगळलेला माणूस बहुधा मागेच राहिलेला असतो. शिधा रोज कमी होतो, म्हणून रोज सकाळी ओझ्याची वाटणी नव्याने करणे न्याय्य ठरते.

मुक्कामावर जे हवे तेवढेच बाहेर काढून काम झाल्यावर लगेच जागेवर ठेवावे. खाऊ उघडा राहिला की गडावरची माकडे पिशवीच उचलून नेतात. जेवणाच्या रिकाम्या पिशव्या फेकायच्या नसतात. त्यांतच वेष्टने आणि इतर कचरा बांधून परतीला खाली आणतात.