कोंडा, धोंडा आणि अंबाज

सुदानात अंबाज म्हणजे पेंड. शेंगदाण्याचं तेल गाळून उरलेली, गुरांची. हे कळल्यापासून 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण माझी पाठ सोडत नाही. शेपूची भाजी ताटाच्या कडेला सारली की आजी ती ऐकवायची. तेव्हा चुलीवर पिठलं रटरटत असायचं. म्हणजे म्हण सांगणारीच्या घरात कोंड्याशिवाय दुसरंही काही होतंच. मग ही म्हण पहिल्यांदा केली कुणी? भुकेल्यानं, की त्याच्याकडे पाहणाऱ्या जेवलेल्यानं?

सुदानातल्या अल-फाशेरला मे 2024पासून वेढा पडला होता. शेजारच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत त्याच ऑगस्टमध्ये दुष्काळ असल्याचं जाहीर झालं. शहरात माणसं अंबाज शिजवून खात होती. पुढे तीही मिळेनाशी झाली.

आमच्याकडे पेंड रात्री बादलीत भिजत पडायची. सकाळी फुगून काठाशी यायची आणि तिचा तो तेलकट-आंबूस वास गोठाभर. मी एकदा चिमूटभर तोंडात टाकली होती. खमंग लागली, खोटं कशाला सांगू! पण बुरा आलेली पेंड म्हशीपुढेही टाकायची नाही, असा घरचा दंडक होता. अल-फाशेरात बुरा पाहायला कोण थांबलं असेल?

आणि ज्वारी! पूर्व सुदानात मडक्यांच्या खापरांवर लागवडीच्या ज्वारीचे पाच हजार वर्षांपूर्वीचे ठसे सापडलेत. तिथे तिचं पीठ आंबवून पातळ किसरा करतात, इथे आपण भाकरी थापतो. म्हणीतला कोंडा ज्वारीचा असेल, तर तोही मूळचा तिकडचाच म्हणायचा. हे मनाला बरं वाटतं. का, ते सांगता येत नाही. वाटू नये, असंही वाटतं.

म्हणीत भूक आहे, झोप आहे. तहान नाही. एप्रिल 2025मध्ये झमझमवर हल्ला झाला, लोक तवीला गावाकडे पळाले आणि तिथे त्यांना कॉलऱ्यानं गाठलं. पाण्यातून येणारा रोग, त्यावरचा उतारा पुन्हा पाणीच. 1971मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर किती जणांना तगवलं होतं! पण पोटात आठवडेच्या आठवडे पेंडसुद्धा नसली, तर त्या पाण्यानं किती सावरायचं?

आजीला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, "आधी जेवून घे बाबा." आणि मी जेवलोही असतो.