पावणेतीन मिलिमीटर

वास्तववाद शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. लेखकाने वास्तव ‘जसेच्या तसे’ उतरवले, असे आपण म्हणतो तेव्हा त्याने नेमके काय केलेले असते? विद्यार्थ्यांना बाल्झाकची, झोलाची उदाहरणे देता येतात. निवड, मांडणी, दृष्टिकोन हे शब्द फळ्यावर लिहिता येतात. पण निवड ही गोष्ट लेखकाच्या इच्छेवर सोडलेली चैन नसून त्याच्यावर लादलेली सक्ती असते, हे मला समीक्षाग्रंथांतून कधी नीट उमगले नव्हते. ते उमगले एका डिझेल इंजिनाच्या प्रतिकृतीमुळे.

माझे वडील रेल्वेत चालक होते. मनमाड-दौंड मार्गावर त्यांची उमेद गेली आणि निवृत्तीनंतर ते नाशिकरोडला स्थायिक झाले. त्यांचे इंजिन म्हणजे ‘डब्ल्यूडीएम-२’. हा आराखडा अमेरिकेतील ‘अल्को’ कंपनीचा. १९६२पासून ही इंजिने भारतात येऊ लागली आणि वाराणसीच्या कारखान्यातून पहिले इंजिन जानेवारी १९६४मध्ये बाहेर पडले. खुद्द अल्कोने १९६९मध्ये इंजिने बांधणे थांबवले. आपण मात्र तोच आराखडा पुढे कित्येक वर्षे राबवला आणि अशी अडीच हजारांहून अधिक इंजिने बांधली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, ११२.८ टन वजन. दोन-तीन पिढ्यांनी प्रवासाला निघताना जो काळा धूर पाहिला, तो बहुतांशी याच इंजिनाचा. आज वाराणसीचा तो कारखाना विजेवरची इंजिने बांधतो आणि वडिलांचा मार्गही तारांखाली आला आहे. त्यांच्या पंचाहत्तरीला या इंजिनाची प्रतिकृती द्यावी असे आम्हा भावंडांनी ठरवले, आणि ‘अचूक’ या शब्दाच्या किमतीशी माझी गाठ पडली.

ज्या प्रमाणात जगभर सर्वाधिक प्रतिकृती होतात ते ‘एचओ’ प्रमाण म्हणजे १:८७. सतरा मीटरांहून थोडे लांब इंजिन या हिशेबाने वीस सेंटिमीटरांत बसते. वजनाचा हिशेब अधिक मजेदार आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ने भागली जात असल्याने ११२.८ टनांचे इंजिन १७१ ग्रॅमचे व्हायला हवे, म्हणजे दोन पेले चहाइतके. इथवर सारे गणित सोपे आहे. अडचण येते ती रुळांपाशी.

एचओच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ने गुणले की १४३५ मिलिमीटर मिळतात. हा युरोप-अमेरिकेचा प्रमाण गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याला ८७ने भागले तर १९.२६ मिलिमीटर येतात. फरक पावणेतीन मिलिमीटरांचा, प्रत्यक्षात जवळजवळ पाव मीटरचा. रूळ, सांधे, चाके, मोटार बसवलेली चौकट असे बाजारात जे जे तयार मिळते, ते १६.५चे. म्हणून भारतीय इंजिनाची चालती प्रतिकृती बहुधा परक्या पावलांवर उभी असते. अंग आपले, चाल अमेरिकेची.

ही तडजोड एकट्या आपल्या वाट्याला आलेली नाही. ब्रिटनमध्ये गेज प्रमाणच, पण इंजिनांची अंगकाठी युरोपातल्या इंजिनांपेक्षा लहान. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या छोट्या मोटारीही १:८७च्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. मग त्यांनी अंग १:७६च्या प्रमाणात थोराड केले आणि रूळ १६.५वरच ठेवले. ब्रिटिश प्रतिकृतींची बाजारपेठ आजही याच विजोड जोडीवर चालते. १९६०च्या दशकात काही हट्टी मंडळींनी १८.८३ मिलिमीटरचा तंतोतंत गेज पुरस्कारला. त्यासाठी प्रत्येक चाक बदलावे लागते, प्रत्येक सांधा हाताने घडवावा लागतो. तो पंथ आजही जिवंत आहे, आणि अल्पसंख्यही.

बारकाव्यांची किंमत कशी चढत जाते, हे पाहण्यासारखे आहे. प्लॅस्टिकच्या कवचासाठी पोलादी साचा कोरावा लागतो. तो एका प्रतीसाठी कोरा की दहा हजारांसाठी, खर्च तोच. म्हणून प्रतीची किंमत शेवटी खरेदीदारांच्या संख्येवर ठरते. आपल्याकडे तर प्रत्येक शेडची रंगसंगती वेगळी. शेड बदलली की रंग बदलले आणि आधीच लहान असलेली मागणी आणखी विभागली गेली. तीस मिलिमीटर जाडीचा कठडा १:८७मध्ये एक तृतीयांश मिलिमीटर होतो. प्लॅस्टिकमध्ये तो इतका बारीक ओतला तर हात लागताच मोडेल. तो तारेचा करायचा तर कारागिराचे तास मोजावे लागतात. चाकाची कडसुद्धा मापाने केली तर गाडी रुळांवर टिकत नाही, म्हणून ती खऱ्याच्या साधारण दुप्पट खोल ठेवतात. हाताने घडवलेल्या पितळी प्रतिकृतीची चौकशी केली तेव्हा कळलेली किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी होती.

जागेचा खर्च वेगळाच. आपल्या ब्रॉडगेजवर परवानगी असलेले सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे. त्याची प्रतिकृती दोन मीटर त्रिज्येची, म्हणजे पूर्ण फेरीला चार मीटर रुंद खोली हवी. नाशिकरोडच्या आमच्या सदनिकेतील दिवाणखाना तेवढा नाही. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरांवर जाते. नाशिकरोड ते देवळाली हे सहाएक किलोमीटरांचे अंतर सुमारे सत्तर मीटर भरते. म्हणून चोवीस डब्यांचे पाच होतात आणि दोन स्थानके एका टेबलावर येतात. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८पासून लोकांसाठी खुले असलेले लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे पटेल. तिथले शहर कोणत्याही नकाशात नाही, तरी गाडी वळण घेते तेव्हा अंतराचा भास खरा वाटतो. कादंबरीकार वीस वर्षे तीनशे पानांत बसवतो, तेव्हा याहून वेगळे काय करतो?

नाशिकरोडला अचूकतेची किंमत हा विषय नवा नाही. १९२५मध्ये येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आली आणि १९२८मध्ये करन्सी नोट प्रेस. आमच्या शेजारपाजारी पिढ्यान्‌पिढ्या या छापखान्यांत नोकरी केलेली घरे आहेत. नोटेवरची केसाएवढी रेघ किंचित सरकली तरी ती नोट बाद. तिथे अचूकता हाच माल असतो, कारण प्रत्येक प्रत दुसरीसारखीच असण्यावर लोकांचा विश्वास उभा आहे. प्रतिकृतीचे तसे नाही. १७१ ग्रॅमच्या इंजिनाला ११२ टनांचे समजून कोणी फसणार नाही. प्रतिकृती आपण प्रतिकृती आहोत हे कबूल करूनच समोर येते; म्हणून तिला कोठे खरे असायचे आणि कोठे नाही, हे ठरवावे लागते. नोटेला असा निर्णय घ्यावा लागत नाही, कवितेला आणि भाषांतराला घ्यावा लागतो. वृत्त राखायचे की अर्थ, बोलीचा ठसा राखायचा की वाचनाचा ओघ? सारेच राखण्याइतकी ऐपत कोणत्याच भाषांतरकाराची नसते.

क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२च्या ‘ला पांसे सोव्हाज’ या ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी एक मार्मिक विचार मांडला आहे. खरी वस्तू आपण भागाभागाने जाणतो. लहान केलेली वस्तू मात्र आधी समग्रपणे दिसते आणि भाग नंतर. हे मला बव्हंशी पटते. पण समग्र कोणाला दिसते, हा प्रश्न उरतोच. ज्याने ती वस्तू बाहेरून पाहिली त्याचे समग्र आणि ज्याने तिच्या पोटात बसून रात्री काढल्या त्याचे समग्र एक नसते.

आम्ही शेवटी मधला मार्ग घेतला. त्रिमित छपाईने काढलेले कवच आणि त्याखाली अल्कोच्याच एका अमेरिकी इंजिनाच्या प्रतिकृतीची जुनी चौकट. वडिलांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिले. खिडक्या, जाळ्या, कठडे यांवरून त्यांची नजर सरकत गेली आणि चाकांपाशी थांबली.

“हे मीटरगेजवर चढवलंय का गं?”

पावणेतीन मिलिमीटर त्यांनी कोणतीही पट्टी न लावता मोजले होते. मी त्यांना १९.२६चा हिशेब सांगितला. गेज नेमका करता येईल, पण मग रूळ हाताने बांधावे लागतील, घरातल्या जागेत ते फार तर दोन हात लांब होतील आणि इंजिन त्यांवर नुसते उभे राहील, हेही सांगितले. त्यांना फार विचार करावा लागला नाही. “उभं इंजिन म्हणजे शेडात पडलेलं इंजिन. चालू दे.”

मग त्यांनी आपली यादी सांगितली. तीत एकही रिव्हेट नव्हता. या इंजिनाच्या बोगीतील तीन आसांमधली अंतरे समान नसतात. ती तशीच आहेत ना, हे त्यांनी तपासले. ती होती, कारण चौकट अल्कोच्या कुळातली होती. दुसरे, लांब नाक पुढे ठेवून गाडी न्यायची तर वळणावर पुढचे नीट दिसत नसे. म्हणून आमच्या टेबलावर आखूड नाक पुढे असावे. तिसरे, काजळी. “इतकं स्वच्छ इंजिन फक्त मंत्र्यांच्या गाडीला असायचं.” त्यांनी निरांजनाची काजळी बोटावर घेतली आणि धुराड्याभोवती, मग तिथून मागे वाऱ्याच्या दिशेने हलकेच ओढली. त्या प्रतिकृतीवरचा सर्वांत खरा बारकावा तो. त्याला खर्च शून्य आला आणि तो दुसऱ्या कोणाला करताही आला नसता.

यावरून खर्च हा केवळ अडसर नसून निर्णय घ्यायला लावणारा शिक्षक आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. अल्कोच्या ‘आरएसडी-१५’ या इंजिनाची उभ्या अमेरिकेत शंभरही नगे निघाली नाहीत, तरी त्याच्या कारखान्यात बनलेल्या सुबक एचओ प्रतिकृती निघाल्या. आमच्या अडीच हजारांसाठी कोणाची तरी जुनी चौकट शोधावी लागली. कोणते इंजिन अचूक आठवले जाईल, हे ते किती धावले यावर ठरत नाही. ते धावताना पाहिलेल्यांच्या हाती फावला पैसा किती, यावर ठरते. मराठीतून इंग्रजीत काय जाते आणि काय राहून जाते, याचा विचार करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी तडजोडीला सौंदर्यतत्त्व म्हणून गौरवणे सोयीचे असते, पण प्रामाणिक नसते.

इंजिन आता रोज संध्याकाळी एक फेरी मारते. वळण खोटे आहे, डबे पाच आहेत आणि डिझेल तर मुळीच नाही. रुळांतून येणाऱ्या विजेवरच ते धावते. वडील खुर्चीत बसून त्याचा वेग कमी-अधिक करतात. स्थानकाच्या फलकावर आम्ही मनमाडचे नाव लिहिले आहे आणि तो फलक मात्र अगदी मापात आहे.