महेश्वरचें उन्हाळी वस्त्र

गेल्या वैशाखांत आम्ही नर्मदातीरीं महेश्वरास गेलों होतों. नातीनें आपल्या दिवंगत आजीच्या लुगड्याचा जीर्ण कांठ सोबत दिला होता. 'अगदीं अशीच साडी आणा,' हा तिचा हट्ट. जुन्याची ही नवी हौस आम्हांस पोरकट वाटली. परंतु विणकरानें कांठ पाहतांच किल्ल्याच्या भिंतीकडे बोट दाखविलें. दगडांत कोरलेली तीच चटई! अहल्याबाईंनीं (मृत्यु १७९५) येथें विणकर वसविले. पूर्वीं सारें सुती असे. आतां ताणा रेशमी, बाणा सुती, म्हणून वस्त्र हलकें व उन्हाळ्यास सुखकर. कांठ दोहों अंगांनीं सारखा, त्यामुळें साडी उलटसुलट नेसतां येते. साडी घेऊन परतलों. नातीची हौस पोरकट नव्हती. चाळीस वर्षें घरांत वावरलेला तो कांठ आम्हींच कधीं निरखून पाहिला नव्हता.