दोन ग्रॅमचा सस्तन प्राणी

थायलंडच्या पश्चिमेस, कांचनबुरी प्रांतात, ख्वाए नोई नदीकाठच्या चुनखडीच्या गुहांतून राहणाऱ्या एका वटवाघळाचे वजन सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे सराफाच्या हिशेबाने तोळ्याचा सहावा हिस्सा भरते, ही वार्ता विक्रमांच्या याद्यांमुळे आता सर्वतोमुखी झाली आहे. परंतु वटवाघळांची मोजमापे घेण्यातच ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्याला त्या आकड्याच्या नवलापेक्षा तो कितपत भरवशाचा आणि त्या देहाला तो झेपतो कसा, याचेच अगत्य अधिक वाटते.

किट्टी थोंगलोंग्या या थाई प्राणिशास्त्रज्ञांनी 1973 साली साई योक येथे हा प्राणी प्रथम मिळवून लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील जॉन एडवर्ड्स हिल यांच्याकडे नमुने पाठविले, आणि 1974 साली हिल यांनी त्याच्यासाठी एक स्वतंत्र कुलच स्थापून जातीला किट्टींचे नाव दिले. तो निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच किट्टी निवर्तले होते. 2001 साली म्यानमारमध्येही ही जात आढळली. डुकरासारखे नाकाड, शेपटीचा पूर्ण अभाव, आणि डोके व धड मिळून लांबी 29 ते 33 मिलिमीटर. वजनात एट्रस्कन चिचुंद्री त्याच्या बरोबरीची, किंबहुना किंचित हलकीच असते. देहाच्या लांबीत मात्र सस्तनांमध्ये त्याहून लहान कोणी नाही.

वजन हे परिमाण मोठे चंचल आहे. तिन्हीसांजेला उपाशीपोटी बाहेर पडलेले वटवाघूळ आणि तेच पोटभर कीटक खाऊन परतलेले वटवाघूळ यांची वजने जुळत नाहीत. गर्भिणीची तर बाबच वेगळी. प्राण्याला कापडी पिशवीत घालून काट्याला लावायचे व मागाहून पिशवीचे वजन वजा करायचे, हा आमचा रिवाज. पण येथे पिशवीच प्राण्याहून जड, आणि गुहेतल्या दमट हवेत तिने दोन दशांश ग्रॅम पाणी शोषले तरी हिशेबात एक-दशमांशाची चूक शिरते. म्हणून जातीची खातरजमा करताना कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाचाच दाखला प्रमाण मानतात; या जातीत ते 22 ते 26 मिलिमीटर असते. वजन टिपताना वेळ, लिंग आणि गर्भावस्था लिहिलेली नसेल, तर ती नोंद मी ग्राह्य धरीत नाही; आपल्याकडे दिव्याभोवती गिरक्या घेणाऱ्या पिटुकल्या पाकोळीच्या बाबतीतही माझा हाच दंडक आहे.

देहाची लांबी निम्मी झाली की त्याचा पृष्ठभाग चौथाईवर येतो, परंतु घनफळ मात्र अष्टमांशावर घसरते. त्यामुळे ऊब साठवणारा ऐवज थोडा आणि ती निसटून जाण्याची वाट प्रशस्त, अशा विषम जमाखर्चात हा जीव जन्मभर सापडलेला असतो. त्यातही कमाईची मुदत किती अल्प! सायंकाळी सुमारे अर्धा तास आणि पहाटे त्याहूनही थोडा वेळ तो बांबूच्या बेटांभोवती व सागाच्या शेंड्यांपाशी कीटक टिपतो, आणि जोराचा पाऊस वा गारठा पडला तर तेवढीही संधी हातची जाते.

मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू होते, तेही बहुधा एप्रिलच्या अखेरीस; त्या दिवसांत कोणीही, मग तो संशोधक का असेना, त्या गुहांत शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चुनखडीच्या खाणी, गुहा पाहावयास येणारी माणसे आणि भोवतालच्या रानाला लावले जाणारे वणवे यांनी या प्राण्याचा मुलूख आधीच आक्रसत आहे. सेकंदाला 70 हजारांहून अधिक कंपने असलेल्या त्याच्या हाका गुहेच्या मुखाबाहेर उभे राहूनही यंत्राने टिपता येतात. केवळ वजनाच्या आकड्यांत भर घालण्यासाठी त्याला हाती धरण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही.